शकणं, शंका आणि इंग्रजी: तीच चूक पुन्हापुन्हा का होते?

माझा भाचा इथंच इंदुरात, विजयनगरकडच्या एका कंपनीत सपोर्टला आहे. रात्रपाळी, समोर अमेरिकन ग्राहक. मागच्या महिन्यात एका रविवारी ऐन पोह्यांच्या वेळेला लॅपटॉप काखेत मारूनच आला. "मावशी, ह्या मेलात माझं काय चुकलं ते सांग." वाक्य एवढंच होतं: "आय डाउट द न्यू अपडेट इज कॉजिंग द एरर." खाली ग्राहकाचं उत्तर: बरं, मग अपडेट बाजूला ठेवून बाकीचं तपासतो. दोन दिवस बिचाऱ्यांनी बाकीचं तपासलं. दोष अपडेटमध्येच होता. भाच्याला तो पहिल्या दिवशीच कळला होता आणि त्यानं तो कळवलाही होता, फक्त बरोबर उलट्या शब्दांत.

त्याच्या डोक्यातलं वाक्य होतं, "मला शंका आहे की नव्या अपडेटमुळेच एरर येतेय." मराठी म्हणून त्यात काही वावगं नाही. शंकेला डाउट म्हणतात हे शाळेत पाठ केलेलं. वाक्यरचना, स्पेलिंग, सगळं ठाकठीक. तरी अर्थ उलटा पोहोचला.

रामबागेत घरी शिकवणी घेते मी, बरीच वर्षं. अशी तक्रार आठवड्याला एक तरी येते. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "व्याकरण पाठ आहे हो, तरी समोरचा भलतंच समजतो." म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. जमतं की नाही हे सांगताना आणि खात्री नाही हे सांगताना आपण नेमके कुठे घसरतो, आणि तिथं काय करायचं.

आधी कारण, कारण ते कळलं की निम्मं काम होतं. माझं मत असं की गडबड इंग्रजीत नाहीच, ती आपल्या मराठीत सुरू होते. माझी आजी "मला पोहता येतं" म्हणायची. आम्ही इंदूरवाले "मैं तैर सकता हूँ" ऐकत वाढलो, म्हणून "मी पोहू शकतो" म्हणायला लागलो. "मी येऊ नाही शकलो" ही तर खास आपल्याकडची घडण, पुण्याचा माणूस ऐकून हसतो. आता येतं, जमलं, होईल, असेल, पडेल, चालेल, सगळ्यांच्या जागी एकटं "शकतो" बसलंय. आणि "शकतो" म्हटलं की हात आपोआप "कॅन"कडे जातो. उपाय ह्यातच आहे. इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी "शकतो" आणि "शंका" हे दोन शब्द मराठीतच फोडायचे.

शंकेपासून सुरुवात

आपल्याकडे शंका तीन कामं करते. वर्गात हात वर करून "सर, एक शंका आहे" म्हणतो, तेव्हा आपल्याला फक्त काहीतरी विचारायचं असतं. "मला त्याच्यावर शंका आहे" म्हणतो, तेव्हा त्यानंच केलं असणार असं वाटत असतं. आणि "तो वेळेवर येईल की नाही, शंकाच आहे" म्हणतो, तेव्हा तो येणार नाही असं वाटत असतं. इंग्रजीतला डाउट ह्यातलं फक्त तिसरं काम करतो. "आय डाउट ही विल कम" म्हणजे तो येईलसं वाटत नाही. दुसऱ्या कामाला "सस्पेक्ट" आहे. "आय सस्पेक्ट द अपडेट" म्हणजे माझा संशय अपडेटवर आहे. दोन्ही शब्द मराठीत शंका म्हणूनच शिकवले जातात आणि अर्थानं एकमेकांच्या विरुद्ध टोकाला उभे आहेत. भाच्याचा घोळ नेमका इथला.

ह्यावर मी मुलांना एकच चाळणी देते. शंका शब्द काढून टाका आणि वाक्य पुन्हा बोला. "असं असेल असं मला वाटतं" असं निघालं तर सस्पेक्ट, किंवा साधं "आय थिंक". "असं असेलसं मला वाटत नाही" असं निघालं तर डाउट. आणि दोन्ही निघालं नाही, नुसतं प्रश्नचिन्ह उरलं, तर "क्वेश्चन". भारतात "आय हॅव अ डाउट" सगळ्यांना कळतं, कोचिंगवाल्यांच्या पाटीवर तर डाउट क्लासच लिहिलेला असतो. पण लंडनच्या किंवा शिकागोच्या माणसाला सांगाल की तुमच्या रिपोर्टबद्दल मला डाउट आहे, तर तो पहिल्यांदा ताठ होईल. त्याच्या कानाला ते "तुमचा रिपोर्ट मला पटलेला नाही" असं लागतं.

शब्द लक्षात राहावा म्हणून त्याची एक गंमत सांगते. डाउट मूळ लॅटिनमधून आला आणि त्याच्या पोटात दोन हा आकडा आहे. आपल्या द्विधा मनःस्थितीतला "द्वि" तोच, दूरच्या नात्यानं. मन दोन वाटांवर उभं आहे, पुढं जात नाही. संशयित समोर दिसत असेल तर मन द्विधा नसतं, म्हणून तिथं डाउट बसत नाही. त्यातला न उच्चारला जाणारा "बी" फ्रेंचमधून आला तेव्हा नव्हताच. लॅटिनची आठवण म्हणून तो मागाहून चिकटवला.

आणखी एक छोटा खड्डा. "नो डाउट" म्हणजे शंभर टक्के खात्री असं आपण समजतो. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ बऱ्याचदा "असेलही बहुतेक" इतकाच असतो. पक्की खात्री सांगायची असेल तर "डेफिनेटली" म्हणा, नाहीतर "देअर इज नो डाउट दॅट" असं पूर्ण वाक्य करा.

आता शकतो

कौशल्य असेल, म्हणजे मराठीत "येतं" म्हणता येत असेल, तर कॅन बिनधास्त वापरा. पोहता येतं, गाडी चालवता येते, मोडी वाचता येते. ह्यात कुणी चुकत नाही. कॅनचं मूळच "जाणणे" आहे, आपल्या "ज्ञा" धातूच्याच कुळातलं. शकण्यात शक्ती आहे, कॅनमध्ये ज्ञान आहे. म्हणून "येतं" आणि कॅन एकमेकांना इतके चपखल बसतात.

"कॅन एबल टु" लिहिणाऱ्यांसाठी एकच ओळ: कॅन आणि एबल टु हे एकाच कामाचे दोन मजूर आहेत, एका वेळी एकालाच बोलवा. कॅनला भविष्यकाळ नाही, "विल कॅन" होत नाही. म्हणून उद्या जमेल हे सांगताना "विल बी एबल टु" लागतं. झालं.

खरी अडचण भूतकाळात आहे, आणि ती चूक आहे हे पुष्कळ वर्षं इंग्रजी बोलणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. "काल ट्रॅफिक होता, तरी मी स्टेशनला वेळेवर पोहोचू शकलो." ह्याचं आपण "आय कुड रीच द स्टेशन ऑन टाइम" करतो. इंग्रज माणूस हे ऐकून पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. पोहोचता येणं शक्य होतं, बरं, मग पोहोचलात का? एका ठरावीक प्रसंगी एखादी गोष्ट खरंच पार पडली असेल तर होकारार्थी वाक्यात "कुड" चालत नाही. "वॉज एबल टु" किंवा "मॅनेज्ड टु" लागतं. कुड चालतो तो कायमच्या क्षमतेला: लहानपणी मला झाडावर चढता यायचं, आजोबांना सहा भाषा बोलता यायच्या.

इथं मात्र आपण इंदूरवाले पुणेकरांच्या एक पाऊल पुढे आहोत. हिंदीत "सकना" आणि "पाना" असे दोन शब्द आहेत, आणि आपल्या कानाला त्यांतला फरक जन्मापासून कळतो. "मैं पहुँच पाया" म्हणजे खटपट झाली आणि काम फत्ते झालं. जिथं हिंदीत "पाया" येईल तिथं "मॅनेज्ड टु" किंवा "वॉज एबल टु". रात्री साडेअकराला सराफ्यात तोबा गर्दी होती, तरी भुट्ट्याचा कीस मिळवता आला. "मिल पाया" म्हणाल ना? मग "वी मॅनेज्ड टु गेट सम". व्याकरणाच्या पुस्तकात ह्यावर पान-दीड पान असतं, माझी पोरं ह्या एका "पाया"वर निभावतात.

दोन सवलती आहेत. नकार असेल तर कुड चालतो, एका प्रसंगालाही: "आय कुडन्ट रीच ऑन टाइम" निर्दोष आहे. आणि दिसणं, ऐकू येणं, वास येणं, आठवणं, समजणं ह्या क्रियापदांबरोबरही चालतो: "आय कुड हिअर द ट्रेन". का, ते मुलं विचारतात. मी सांगते की ऐकू येण्यासाठी खटपट लागत नाही, ते आपोआप होतं. नियम म्हणून हे कितपत शास्त्रशुद्ध आहे ते भाषाशास्त्रज्ञांनी बघावं, शिकवायला पुरतं.

(कुडमधला न बोलला जाणारा "एल" कुठून आला? वुड आणि शुडमध्ये होता, म्हणून ह्यालाही लावला. मूळच्या कॅनमध्ये तो कुठेच नाही. म्हणजे शंकेत "बी" उपरा आणि शकण्यात "एल" उपरा.)

पाऊस पडू शकतो

"उद्या पाऊस पडू शकतो." पोरं लिहितात, "इट कॅन रेन टुमॉरो." इंग्रजी कानाला हे खटकतं. एखाद्या ठरावीक वेळेच्या शक्यतेला कॅन लागत नाही, तिथं "माइट", "मे" किंवा "कुड" हवा. हो, हाच कुड, इथं त्याचा भूतकाळाशी काही संबंध नाही. कॅन लागतो तो गोष्टीच्या स्वभावाला. "इंदूर कॅन बी क्वाइट कोल्ड इन जॅन्युअरी", म्हणजे जानेवारीत इंदुरात कधीकधी चांगलीच थंडी पडते. माळव्याच्या रात्री थंड असतात हा माळव्याचा स्वभाव झाला, म्हणून कॅन. उद्या रात्री शाल लागेल का, तर माइट.

चाळणी पुन्हा मराठीतच. "शकतो" काढून "कधीकधी असतं" घाला. बसलं तर कॅन. "उद्या पाऊस कधीकधी पडतो" हे बसत नाही. "उद्या कदाचित पडेल" बसतं, म्हणून माइट.

आता माझ्या आवडीचा भाग. अंदाज बांधायला मराठीइतकी बारीक मापं थोड्याच भाषांत असतील, आणि आपण ती सगळी "शकतो"खाली गाडून टाकलीत. शेजारच्या काकांचं दार बंद आहे. ते घरी आहेत का? मला काहीच माहीत नसेल तर म्हणेन, "असतील कदाचित." इंग्रजीत "ही माइट बी". रविवार आहे, ह्या वेळी ते सहसा घरीच असतात, तर म्हणेन, "घरीच असतील." इथं "ही'ज प्रॉबब्ली ॲट होम". खाली स्कूटर दिसली, चपला दाराबाहेर आहेत, तर "असावेत". पुरावा हातात आहे, मी त्यावरून निष्कर्ष काढतेय, म्हणून "ही मस्ट बी". आतून रेडिओवर जुनं नाट्यगीत लागलंय आणि कुणीतरी बेसूर साथ करतंय, तर "असणारच", तेही मस्टच, फक्त आवाजात जोर. आणि जिन्यावर काकूंनी सांगितलं की ते सकाळीच उज्जैनला गेले, तर "घरी नसणार". हे झालं "ही कान्ट बी". लक्ष द्या, मस्टचा उलटा इथं कान्ट आहे. "मस्ट नॉट बी" अमेरिकन माणूस अंदाजालाही वापरतो, पण इंग्रज कानाला ते घरी असता कामा नये, अशी बंदी घातल्यासारखं वाटेल.

म्हणजे "काका घरी असू शकतात" ह्या एका गुळमुळीत वाक्याच्या आत निदान चार वेगळी इंग्रजी वाक्यं लपलेली असतात. तुमच्याजवळ पुरावा किती आहे हे आधी मराठीत ठरवा, इंग्रजी शब्द त्याच्या मागून येतो.

घडून गेलेल्या गोष्टीला हीच मापं लागतात, फक्त पुढं "हॅव" जोडायचं. आले असतील: माइट हॅव कम. आले असावेत: मस्ट हॅव कम. आले नसणार: कान्ट हॅव कम. एकाच जागी जपून राहा. "यू कुड हॅव टोल्ड मी" हे बहुतेक वेळा शक्यता सांगत नाही, टोमणा मारतं. "सांगू शकला असतास की रे!" ग्राहकाला लिहिताना हे चुकून निसटलं तर मेल गरम होतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं नम्रपणे लिहायचं म्हणून "यू कुड हॅव सेंट द फाइल" लिहिलं होतं. तिला म्हणायचं होतं, तुम्ही फाइल पाठवली असेलही, मला दिसली नाही. "यू मे हॅव सेंट" म्हटलं असतं तर भांडण टळलं असतं.

"मेबी" एक शब्द म्हणजे कदाचित. "मे बी" दोन शब्द म्हणजे असेल. जागा सोडायची की नाही, एवढ्यावर वाक्य बिघडतं.

लिहिलेलं बरोबर, बोललेलं उलट

ही तक्रार फक्त फोनवरच्या लोकांची, पण सगळ्यात महाग पडणारी. गेल्या वर्षी एका मुलाची फोनवर मुलाखत होती. सोमवारी येऊ शकाल का? तो म्हणाला, "येस, आय कॅन कम ऑन मंडे." कॅनवर मनापासून जोर देऊन, आत्मविश्वास दिसावा म्हणून. पलीकडची बाई म्हणाली, ओ, ओके, मग मंगळवार चालेल? मुलगा गोंधळला, मंगळवारी त्याची परीक्षा होती.

झालं असं. इंग्रजी बोलणारे होकारार्थी वाक्यात कॅन जवळजवळ गिळतात. "आय क्न कम", जोर सगळा "कम"वर. नकार असेल तेव्हाच स्वर पूर्ण उघडतात. इंग्लंडमधल्या पुष्कळ बोलींत "कान्ट", अमेरिकेत "कॅन्ट", आणि अमेरिकन माणूस शेवटचा "ट" जिभेवर आणून सोडून देतो, ऐकूच येत नाही. मग त्याच्या कानाला फरक कशावरून कळणार? जोरावरून. जोरदार, पूर्ण "कॅन" ऐकला की तो नकार समजतो. आपण जितक्या उत्साहानं हो म्हणावं तितकं ते नाही ऐकू येतं.

उपायाला टेबल पुरतं. उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर ठेवा. "आय क्न कम ऑन मंडे" म्हणताना बोटं फक्त "कम"वर आणि "मं"वर आपटायची. कॅनवर बोट पडलं की चूक. नकार सांगायचा असेल तर "कॅन्ट"च्या भानगडीत पडूच नका, "कॅनॉट" म्हणा, स्वच्छ, दोन अवयवांत. थोडं पुस्तकी वाटतं, वाटू द्या. किंवा "आय'म नॉट एबल टु". रात्रपाळीवाल्यांना मी हाच सल्ला देते आणि त्यांच्याकडून कळतं की फरक पडतो.

नम्र शंका

एक गोष्ट व्याकरणात बसत नाही, तरी इथंच सांगते. इंग्रज आणि अमेरिकन लोक नकार पुष्कळदा शंकेत गुंडाळून देतात. "आय'म नॉट शुअर दॅट विल वर्क" ऐकून आपली पोरं उत्साहानं समजवायला लागतात की का चालेल. अहो, तो "हे चालणार नाही" म्हणतोय. आपला "बघतो" तरी दुसरं काय असतो? लग्नाच्या आमंत्रणाला "बघतो, जमवतो" म्हणणारा येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तसंच तिकडचं हे. "येईल असं वाटत नाही" ही आपली रचना मात्र त्यांच्याशी तंतोतंत जुळते. "आय डोन्ट थिंक ही विल कम" हेच ते जास्त म्हणतात, "आय थिंक ही वोन्ट कम" कमी. इथं मराठीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

हे सगळं करूनही चूक राहत असेल तर

मग नवीन काही शिकू नका, जुने मेल उघडा. पाठवलेल्या मेलांत डाउट शोधा, मग कॅन, मग कुड. एकेक वाक्य मराठीत परत आणा आणि वरच्या चाळणीतून काढा. तुमची चूक कोणती ते पहिल्या दहा मेलांतच दिसतं, कारण माणूस सहसा एकाच जागी पडत राहतो. भाच्याला तेच करायला लावलं, पोहे संपायच्या आत. वर्षभरात एकवीस मेलांत डाउट निघाला. अकरा ठिकाणी त्याला प्रश्न विचारायचा होता, नऊ ठिकाणी संशय सांगायचा होता. त्या नवांपैकी चार तक्रारी अजून उघड्या होत्या, त्यांवर त्यानं तिथंच बसून "सस्पेक्ट" घालून दुरुस्तीचे मेल टाकले.

उरला एक, मार्चमधला. ग्राहकानं शुक्रवारपर्यंत फाइल देतो म्हटलं होतं, आणि ह्यानं टीम लीडरला लिहिलं होतं, "आय डाउट दे विल सेंड इट बाय फ्रायडे." फाइल आली पुढच्या बुधवारी. तेवढं वाक्य त्यानं मला दोनदा वाचून दाखवलं.